गाणी ज्याची त्याला

संगीताचं लेबल कसं काढायचं, हे विचारणारी मुलं मला अजूनही भेटतात. ते बंद कसं करायचं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आम्ही तिघांनी १९९६ साली मुंबईत एक छोटं लेबल, म्हणजे गाणी रेकॉर्ड करून विकणारी कंपनी, काढलं आणि २०२४ मध्ये रीतसर मिटवलं. काढताना उत्साहावर भागलं होतं. मिटवताना वकील, इंजिनिअर, सीए, रद्दीवाला आणि कितीतरी कुटुंबं लागली. म्हणून हे लिहून ठेवते आहे. लेबलमध्ये हिशेब आणि करार मी बघायचे. काय काढायचं आणि काय नाही, ते माझे दोघे भागीदार ठरवायचे.

सिनेमात, भक्तिगीतांच्या कंपन्यांत आणि इंग्रजी रॉकच्या गर्दीत ज्यांना जागा नव्हती, त्यांची गाणी आम्ही काढत होतो. गिटार घेऊन मराठीत गाणारी मुलं, वस्त्यांमधले शाहीर, प्रायोगिक नाटकांतली गाणी, कवितांना लावलेल्या चाली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि टी-सिरीज, व्हीनस, टिप्स अशा कंपन्या उभ्या राहिल्या. मराठीत लावणी, कोळीगीतं, भक्तिगीतं, भीमगीतं यांचा मोठा बाजार तयार झाला. त्याच सुमारास धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव होऊ लागला होता. लालबाग, डोंबिवली, गोरेगावची मुलं तिथे उभ्यानं इंग्रजी बँड ऐकायची आणि घरी जाऊन मराठीत गाणी करायची. त्या गाण्यांना दार कुठलंच नव्हतं. ते आम्ही करायचं ठरवलं.

भांडवल म्हणजे तिघांची बचत आणि माझ्या बहिणीनं दिलेले उसने पैसे. दिवसा स्टुडिओत जिंगल आणि सिनेमाची कामं चालायची, रात्रीची शिफ्ट स्वस्त मिळायची. रेकॉर्डिंग आठ ट्रॅकच्या एडॅट मशीनवर, म्हणजे एस-व्हीएचएस कॅसेटवर, आणि अंतिम मिक्स डॅटच्या इवल्याशा डिजिटल टेपवर. शेवटची लोकल गेलेली असायची, त्यामुळे काम आटोपलं की बँड स्टुडिओच्या गालिच्यावरच झोपायचा आणि पहाटेच्या गाडीनं घरी जायचा.

कॅसेटला तिचं स्वतःचं एक गणित असतं. दोन्ही बाजू साधारण सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर एका बाजूच्या शेवटी नुसती रिकामी टेप फिरत राहते. त्यामुळे गाण्यांचा क्रम निम्मा मनानं लागायचा आणि निम्मा घड्याळानं. आमच्या शाहिरांचा एक पोवाडा एका बाजूत मावेना. मी सुचवलं, अर्धा इकडे, अर्धा तिकडे घेऊ. ते म्हणाले, "ताई, पोवाडा उलटवून ऐकायचा नसतो." मग जास्त लांबीची टेप घेतली, खर्च वाढला आणि दुसऱ्या बाजूला त्यांची आणखी दोन गाणी घातली. ती दोन गाणी आज लोकांना जास्त माहीत आहेत.

विक्रीचं गणित याहून कठीण होतं. दुकानदार माल विकत घेत नसत, ठेवून घेत. खपला तर पैसे, नाहीतर माल परत, तोही महिन्यांनी, केसेस तडकलेल्या अवस्थेत. वितरकाचा आणि दुकानाचा वाटा गेल्यावर आमच्या हाती जे उरायचं त्यातून टेप, कॉपी करण्याचा खर्च, इनले कार्डाची छपाई, कलाकाराची रॉयल्टी असं सगळं भागवायचं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये मात्र वेगळा अनुभव होता. तिथे ऐकून बघायला बूथ होते, आणि काउंटरवरच्या माणसाला एखादी गोष्ट आवडली तर तो स्वतःहून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. दादरच्या शिवाजी मंदिरात आणि पार्ल्याच्या दीनानाथमध्ये नाटकाच्या मध्यंतरात आम्ही टेबल मांडायचो. बटाटेवड्याच्या रांगेतली माणसं कॅसेट उलटीपालटी करून बघायची, आणि विचारायची, "सिनेमातली आहेत का?"

खरा बाजार शाहिरांनी दाखवला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला लाखो माणसं येतात आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे, प्रतिमांचे, गाण्यांचे स्टॉल लागतात. शाहिरांच्या मुलांनी ओळखीच्या एका पुस्तकाच्या स्टॉलवर कोपरा मागून घेतला. दुकानांत वर्षभरात खपल्या नव्हत्या इतक्या कॅसेट तिथे त्या एका मुक्कामात गेल्या. नांदेड, परभणीकडून आलेल्या बायकांनी पिशवीतून नोटा काढून दोन-दोन घेतल्या, एक घरासाठी, एक गावातल्या विहारासाठी. आमच्याकडच्या गाण्यांना ऐकणारे आहेत, फक्त ते म्युझिकच्या दुकानात जात नाहीत, हे त्या दिवशी मला कळलं. पुढे आम्ही जे काही टिकलो, ते यामुळे.

भरभराट म्हणावी असा काळ २००५ ते २०११च्या आसपासचा. मोबाइलच्या कॉलर ट्यूननं तो आणला. आमच्या एका बँडचं पावसावरचं गाणं कुणीतरी लावलं, ते ऐकून दुसऱ्यानं लावलं, आणि कॅसेट-सीडीतून कधी दिसले नव्हते एवढे पैसे येऊ लागले. दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या रकमेतला मोठा वाटा मोबाइल कंपनीचा, मग मधल्या पुरवठादाराचा, उरलेल्यातून आमचा आणि कलाकाराचा. तरीही त्यावर आम्ही तीन अल्बम काढले, जे एरवी काढूच शकलो नसतो.

याच काळात, २००७च्या डिसेंबरात, लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं ठिकाण सुरू झालं. काही वर्षांनी आमचा बँड तिथे वाजला. बास वाजवणाऱ्या मुलाचे वडील आले होते. १९८२च्या संपापर्यंत ते त्याच भागातल्या एका गिरणीत साच्यावर होते. मुलानं लिहिलेलं गाणं त्यांच्याच चाळीतल्या नळावरच्या रांगेचं होतं. वडिलांनी खुर्ची घेतली नाही, पूर्ण कार्यक्रम उभ्यानं ऐकला. आम्ही लेबल कशासाठी चालवलं, असं मला कुणी विचारलं तर हिशेबाच्या वह्या बाजूला ठेवून मी ती संध्याकाळ सांगेन.

उतरण एकदम लागली नाही. आधी पदपथावर एमपीथ्री सीडी आल्या, एका तबकडीत शंभरेक गाणी. मग ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, कॉलर ट्यूनसारख्या सेवांसाठी ग्राहकाची संमती काटेकोर केली. २०१३ साली दुहेरी संमती सक्तीची झाली. ग्राहकाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. न विचारता पैसे कापले जाण्याचे प्रकार सर्रास होत होते. पण आमच्यासारख्यांचं मासिक उत्पन्न त्यात आटलं. गाणी विकत घेऊन डाउनलोड करायची सवय लोकांना लागेल अशी आशा होती. फ्लिपकार्टनं फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान २०१२च्या फेब्रुवारीत उघडलं आणि २०१३च्या जूनमध्ये बंद केलं. २०१६च्या फेब्रुवारीत ऱ्हिदम हाउस बंद झालं, त्याच वर्षी मुंबईतलं ब्लू फ्रॉगही. रंगभवन तर शांतता क्षेत्रात गेल्यानं कधीच मुकं झालं होतं. २०१६च्याच सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गाणं विकत घ्यायचं असतं ही कल्पनाच मागे पडली.

मग एके दिवशी कुर्ल्याचा एक रॅपर मुलगा डेमो घेऊन आला. मराठीत असं लिहिणारं मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. माझा भागीदार त्याला म्हणाला, "तुझा अल्बम आम्ही काढतो." मुलगा अदबीनं म्हणाला, "सर, अपलोड तर मी स्वतः करतो, वर्षाची फी भरली की झालं. तुम्ही नेमकं काय करणार?" मला तो प्रश्न पूर्ण रास्त वाटला. लेबल तीन गोष्टी देत असे: रेकॉर्डिंगचे पैसे, दुकानातली फळी आणि जाणता कान. रेकॉर्डिंग आता त्याच्या खोलीत होत होतं, फळी उरली नव्हती. कान होता, पण त्यासाठी त्याच्या गाण्यांची मालकी मागणं आम्हाला पटेना. भागीदारानं त्याचा डेमो तासभर बसून ऐकला, कुठलं गाणं पहिलं ठेवावं ते सांगितलं आणि चहा पाजून पाठवलं. त्यानंतर आम्ही नवीन करार केला नाही.

बंद करण्याचा विषय निघाला तो एका मोठ्या कंपनीच्या प्रस्तावामुळे. त्यांना आमचा सगळा कॅटलॉग, म्हणजे आजवर काढलेली सगळी गाणी, कायमचा, एकरकमी हवा होता. रक्कम आमच्या मानानं मोठी होती. आम्हा तिघांत यावर कडाक्याचं भांडण झालं. थोरल्या भागीदाराला मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सची कहाणी तोंडपाठ. १९७८ला सुरू झालेलं ते लेबल १९९२ साली बुडालं. लंडन रेकॉर्ड्स ते घ्यायला पुढे आलं तेव्हा कळलं, की गाण्यांची मालकी बँडांकडेच आहे, त्यामुळे विकत घेण्यासारखं फारसं काही नाही. सौदा फिसकटला. थोरला म्हणाला, "मिटायचं तर असं." दुसऱ्या भागीदाराच्या घरी आजारपण होतं. तो म्हणाला, "ब्रिटिश लोकांच्या गोष्टी मला नको सांगूस. क्रिएशन लेबलनं पण जवळपास अर्धा हिस्सा सोनीला विकलाच ना १९९२ मध्ये? मला पैशांची गरज आहे." दोघंही खरं बोलत होते. शेवटी गिरगावातली ऑफिसची खोली विकली. पागडीची खोली, त्यामुळे घरमालकाचा वाटा आधी गेला. उरलेल्यातून दुसऱ्या भागीदाराचा हिस्सा चुकता केला. त्यानं पैसे घेतले आणि मग मास्टर टेपा, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या टेपा, शोधायला सगळ्यात जास्त राबलाही तोच.

विकायचं नाही हे ठरल्यावर प्रश्न आला, द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं? इथे मला वकिलाकडून खूप शिकायला मिळालं. एका गाण्यात अनेक हक्क असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, गायक-वादकांचे सादरीकरणाचे हक्क वेगळे, आणि ध्वनिमुद्रण ज्यानं पैसे घालून करून घेतलं त्याचं, म्हणजे आमचं. शब्द-चालीचे हक्क कलाकारांनी करारानं आमच्या नावे केले होते. पण कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम सांगतं, की हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आमच्या पहिल्या काही करारांत, त्या काळच्या छापील मसुद्यांप्रमाणे, मुदतच नव्हती. म्हणजे ते हक्क कधीच परत गेलेले होते, फक्त घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत नव्हतं. ध्वनिमुद्रणाचं तसं नाही. त्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९९७ साली निघालेल्या कॅसेटचा २०५७च्या अखेरपर्यंत. नुसते शब्द-चाल परत मिळून काय करणार, रेकॉर्डिंग दुसऱ्याकडे असेल तर? म्हणून प्रत्येक अल्बमसाठी एक करार केला, ज्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क कलाकाराला दिला आणि बाकीचं जे काही आमच्याकडे असेल तेही सोडलं. आज लेबल काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: करारात मुदत लिहा, प्रदेश लिहा, कुठल्या माध्यमासाठी ते लिहा. कलाकारांनो, त्याशिवाय सही करू नका.

कागदापेक्षा टेपांनी जास्त घाम काढला. मुंबईच्या दमटपणात पोटमाळ्यावर ठेवलेल्या टेपांवर बुरशी येते. डॅट दिसायला ठणठणीत दिसते आणि लावली की मध्येच आवाज तुटतो, कारण माहिती डिजिटल आहे. थोडी बिघडली तर थोडं वाईट ऐकू येत नाही, काहीच ऐकू येत नाही. चालू स्थितीतलं डॅट मशीन मिळणं हेच एक काम होतं. डोंबिवलीत एक निवृत्त ध्वनी-इंजिनिअर भेटले, त्यांनी दोन बंद मशीनचे भाग जोडून एक चालू केलं. टेप जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, घाई करता येत नाही. मध्ये हेड साफ करायचं, पुन्हा लावायची, दोन वेळा उतरवलेलं जुळवून बघायचं. दोन अल्बमचे मास्टर पूर्ण गेलेले होते. ते आम्ही न विकल्या गेलेल्या कॅसेटवरून उतरवले. इंजिनिअरकाका प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन स्क्रू ड्रायव्हरनं केसभर फिरवत, खणखणीतपणा परत येईपर्यंत कान लावून बसत. शाहिरांच्या एडॅट टेपांमध्ये गाण्यांच्या मधलं बोलणंही सापडलं. ढोलकीवाल्याला ते समजावत होते, की इथे ठेका धावू द्यायचा नाही, माणूस मेलाय, लोकांना कळू दे. ते मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं.

शाहीर गेल्याला काही वर्षं झाली होती. त्यांचं कुटुंब विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतं. मी आणि धाकटा भागीदार कागद घेऊन गेलो. जय भीम झालं, पाणी आलं. त्यांच्या पत्नीनं कागद मुलाच्या हाती दिला आणि मला विचारलं, "ताई, ह्याचे आम्ही किती भरायचे?"

"मावशी, भरायचं काही नाही. ही गाणी आता तुमची."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आजवर कुणाची होती?"

मी त्यांना खरं सांगितलं. रेकॉर्डिंगला पैसे आम्ही घातले म्हणून कायद्यानं रेकॉर्डिंग आमचं, आणि गाणं शाहिरांचं. रॉयल्टीच्या नोंदवह्या मी सोबत नेल्या होत्या, प्रत्येक वर्षी किती गेली, कुणाच्या सहीनं घेतली, ते दाखवलं. मुलीनं एकेक पान उलटून वाचलं. वडिलांची सही दिसली की बोट ठेवायची. मोठ्या मुलानं विचारलं, "चैत्यभूमीवर लोक हे मोबाइलवर मोठ्यानं वाजवतात, त्याचं काय?" मी म्हटलं, ते वाजू दे. पण जिथे तिकीट लावून, धंदा म्हणून वाजतं, तिथला गीतकार-संगीतकाराचा वाटा मिळवायला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व वारसांनाही घेता येतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर तो वाटा कुणाला लिहून देता येत नाही, वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमतीपत्रं, गाण्यांची यादी असं करत ते काम मार्गी लागलं. मावशींनी सही केली ती सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश, पूर्ण नाव लिहून.

ऑनलाइन गाण्यांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा, आयएसआरसी नावाचा ओळख-कोड असतो. मालक बदलला तरी तो बदलायचा नसतो. आमच्या खात्यातून गाणं काढून कलाकारानं नवा कोड घेऊन टाकलं तर आधीची ऐकणाऱ्यांची संख्या शून्यावर येते आणि लोकांच्या प्लेलिस्टमधून गाणं गळतं. म्हणून आधी कलाकारानं त्याच कोडनं आणि त्याच ऑडिओ फाइलनं नव्या खात्यातून टाकायचं, दोन्ही जुळलेलं बघायचं, मगच आम्ही आमचं काढायचं. आमच्यासारख्या गाण्यांना हे फार महत्त्वाचं. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकलेल्या गाण्याला काहीच पैसे मिळत नाहीत. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. नाट्यगीताची एक आवृत्ती वर्षाला तीनशे माणसं ऐकत असतील तर ती तीनशे माणसं आहेत.

बाकीचं मिटवणं त्या मानानं कोरडं. भागीदारी विसर्जनाची नोटीस राजपत्रात आणि एका मराठी वर्तमानपत्रात, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद, जीएसटी रद्द करून तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र. बँकेचं खातं सगळ्यात शेवटी बंद करायचं, कारण ऑनलाइनचे पैसे दोन-तीन महिने उशिरा येतात, आणि ते ज्याचे त्याला पाठवायला खातं चालू लागतं. उरलेल्या सीडी-कॅसेट कलाकारांना वाटल्या. एकेक संच कुठेतरी सुरक्षित ठेवावा म्हणून चौकशी केली तेव्हा लक्षात आलं, की १९५४च्या कायद्यामुळे भारतात प्रकाशित झालेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर तीन ग्रंथालयांत, मुंबईत एशियाटिकमध्ये, द्यावी लागते. ध्वनिमुद्रणाला तसं काहीच नाही. कॅसेटवर निघालेल्या आपल्या गाण्यांची प्रत कुठे जायला हवी, हे अजूनही कुणी ठरवलेलं नाही. महाराष्ट्रात ते व्हायला हवं, आणि लवकर, कारण त्या टेपा चालवणारी मशीनं आणि माणसं दोन्ही संपत चालली आहेत.

बहुतेक अल्बम परत गेले. दोघांचे हक्कदार मिळालेले नाहीत. एक गिरगावातली गायिका, तिची चाळ पुनर्विकासात गेली आणि कुटुंब कुठे गेलं ते शेजाऱ्यांना ठाऊक नाही. दुसरा प्रायोगिक नाटकांना संगीत देणारा, नव्वदच्या दशकाच्या शेवटी परदेशी गेलेला. त्यांच्या फाइली दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवलेल्या आहेत, एक माझ्याकडे, एक थोरल्या भागीदाराकडे, आणि करारही तयार आहेत. धाकटा भागीदार सध्या त्या चाळीच्या जुन्या भाडेकरूंच्या यादीतून एकेकाला फोन लावतो आहे.